वहिनींची वजावट

वहिनी धने भाजताना घड्याळ पाहत नाहीत. झाऱ्यावर थोडे धने घेऊन नाकाशी धरतात आणि मग गॅस बंद करतात. आमचा मसाल्याचा कारखाना एका कंपनीला विकायचं ठरलं, तेव्हा त्याची किंमत ठरवायला आलेले गृहस्थ दारात उभे राहून हे बघत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "उद्या या आल्या नाहीत तर?"

"तर मसालाच होणार नाही," मी कौतुकानं म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

अहवालात यंत्रांची किंमत होती, जागेची होती, बाजारातल्या नावाचीही होती. शेवटी मात्र मोठी वजावट होती. धंदा एकाच बाईच्या हातावर चालतो, म्हणून धोका. मालक म्हणून कागदावर दादा आणि मी, दोघंच.

दादा बायकोवर चिडला. "तुझ्यामुळे किंमत खाली आली."

वहिनींनी शांतपणे विचारलं, "म्हणजे मी नसते, तर जास्त आली असती?"

ज्या हातानं घर उभं केलं, तो हात विकता येत नाही. आणि विकता येत नाही ते हिशेबात उणे धरतात, हे मला तेव्हा कळलं.

पुढे कंपनीनं अट घातली, की वहिनींनी त्यांच्या माणसांना दोन महिने मसाला भाजायला शिकवावं, म्हणजे वजावट निम्मी होईल. वहिनी रोज गेल्या, मन लावून शिकवलं. त्याबद्दल त्यांना काय द्यायचं, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही.