देवळात मागितलेली प्रयोगशाळा

आंबा घाट उतरून एसटी साखरप्याला थांबली आणि खिडकीतून दमट वारा आत आला. सांगली मागे राहिली होती, चार वर्षांची माझी सईही. तिला नवऱ्याच्या हवाली करून मी रत्नागिरीला निघाले होते, तरुण रेणुजीवशास्त्रज्ञांच्या विभागीय परिषदेला. पीएचडी झाली, मग सई झाली आणि प्रयोगशाळा सुटली ती सुटलीच. आता स्वतःला तरुण म्हणवून घेणं जरा जास्तच होतं. पण आयोजकांनी बोलावलं, मी गेले.

कॉलेजच्या दारात नोंदणी करणाऱ्या मुलीने विचारलं, "मॅडम, संस्था कुठली?"

"घर," मी म्हटलं. ती हसली आणि तेवढी जागा कोरी ठेवून तिने ओळखपत्र माझ्या हातात दिलं.

द्राक्षावर पडणाऱ्या भुरी या बुरशीच्या डीएनएवरचं माझं जुनंच काम मी पोस्टरवर मांडलं होतं. शेजारी कोल्हापूरचा निखिल, डीएनएच्या प्रती काढायचं आपलं पीसीआर दर वेळी कसं फसतं ते येईल त्याला हसत सांगत होता. दुपारी प्रात्यक्षिकात थेंबाथेंबाने द्रव मोजणारं मायक्रोपिपेट हातात आलं. किती दाबायचं ते अंगठ्याला बरोबर आठवत होतं. मला रडूच आलं. सर्दीचं निमित्त करून मी बाहेर पळाले.

जेवणात तिसऱ्या (खाडीतले शिंपले) होत्या. मी देशावरची, कवचासकट चावायला निघाले.

"अगो, दात जातील!" शेजारच्या वैशालीताईंनी माझा हात धरला. त्या इथल्याच प्राध्यापक, परिषदेच्या यजमान. मग मला शिंपला कसा सोडवायचा ते शिकवता शिकवता त्यांनी माझ्या पोस्टरबद्दल इतकं खोदून विचारलं की सोलकढी तशीच राहिली.

संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना आपल्या गावी नेलं. कातळ (जांभ्याचं उघडं पठार) संपून कलमांच्या बागा लागल्या आणि मोहोराच्या वासातच ग्रामदेवतेचं देऊळ आलं. नवं काम काढलं की इथे गाऱ्हाणं घालतात. गुरव देवापुढे मागणं मोठ्याने मांडतो आणि जमलेले सगळे होकार भरतात.

"बा देवा म्हाराजा! ही पोरा लांबून आलीत. ह्यांच्या इद्येला येस दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग गुरवकाका एकेकाला मागणं विचारू लागले. निखिलने पीसीआरच मागितलं. काकांनी तेही न अडखळता देवाच्या कानावर घातलं. माझी पाळी आली.

"सगळ्यांना सुखी ठेव," मी म्हटलं.

"सगळ्यांचा मगाशीच मागून झाला. तुजा काय ता सांग."

नवऱ्याजवळही कधी बोलले नव्हते ते तोंडातून गेलं. "मला परत प्रयोगशाळेत काम करायचंय."

"हिला हिचा काम परत मिळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्राध्यापक, विद्यार्थी, सगळे एका आवाजात म्हणाले. मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीला समुद्र बघत आम्ही चहा पीत होतो. वैशालीताई म्हणाल्या, "देवासमोर व्हय म्हटलंय, आता मला माघार नाही. जूनपासून माझ्या प्रयोगशाळेत वर्षभराची जागा आहे. येतेस?"

"घरी विचारून सांगते," मी म्हटलं, आणि माझा मलाच राग आला.

"विचार की. पण विचारायचंय की सांगायचंय, ते घाट चढेपर्यंत ठरव."

घाट चढला, मलकापूर गेलं, कोल्हापूरही गेलं. घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता मी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं.

"इथे सांगलीत नाही का काही मिळायचं?"

"मिळालं असतं तर इथेच गेले असते ना रे."

"आणि सई?"

"माझ्याबरोबर येईल. तू शनिवार-रविवार येत जा."

तो सईच्या डोक्यावर हात फिरवत बसला. मी त्याच्यासमोरच वैशालीताईंना फोन लावला. "मी येते," एवढंच म्हटलं.

इतकी वर्षं ह्या घरात बसून मी प्रयोगशाळेसाठी झुरले. फोन ठेवला, आणि अजून घरातच होते, तरी घरासाठी जीव तुटायला लागला.