लहरींची गाळणी

काशीचे आमचे वृद्ध गुरुजी रोज सकाळी हॅम रेडिओच्या हौशी बिनतारी संचावरून शिष्यांचा वेदपाठ ऐकत आणि सुधारत. पेणला रामवाडीत माझ्या घराशेजारी नवा मनोरा उभा राहिला आणि त्याच्या प्रबळ लहरींनी माझा संच बधिर झाला. मी संचाची ग्रहणशक्तीच उतरवली. गोंगाट थांबला, पण गुरुजींचा क्षीण स्वरही लोपला.

रोह्याच्या गुरुबंधूला मात्र तो स्पष्ट ऐकू येई. असूया गिळून मी त्याला फोन केला.

तो हसला. “अरे, शेजारी ओरडतो म्हणून कान कापून घेतोस काय? त्याच्या लहरींपुरतीच गाळणी बसव.”

ती त्यानेच येऊन बसवली. दुसऱ्या सकाळी गुरुजींचा स्वर स्वच्छ आला, “रोह्याचा पाठ निर्दोष आहे. पेणने तसा म्हणावा.”

मी नमस्कार केला, पण दात आवळूनच.