परत न आलेली पोरं

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. त्यात विशेष काही नव्हतं. पौषात उन्हाला पाठ करून शेंगा सोलणं हे आमचं वर्षानुवर्षांचं काम. मी दोन दाणे टोपल्यात टाकायचो आणि एक तोंडात, आणि ती मान वर न करता म्हणायची, "उसळीपुरते तरी राहू द्या." त्या दिवशीही म्हणाली. मग हातातली शेंग सोलता सोलता म्हणाली, "अवो, ते संग्रामपूरकडची पोरगी आता लग्नाले आली असन. चैतात जाऊन येऊ. मले तिच्या मायले एक गोष्ट इचारायची हाय." मी हो म्हटलं. दहा वर्षं मी हेच हो म्हणत आलो होतो. दिवेलागणीच्या आधी तिच्या छातीत कळ आली, आणि मी गाडी जुंपून दारात आणेपर्यंत ती गेलेली होती. शेंगांचं टोपलं ओट्यावर अर्धंच राहिलं... आणि माझ्यापाशी राहिलं एक खोटं. त्या पोरीबद्दल मी कौसाला दहा वर्षांपूर्वी खोटं सांगितलं होतं. ते खरं धरून ती गेली. मी चौथी शिकलेला माणूस. हे लिहिणं शाळेतले मास्तर सुधारून देणार आहेत. खरंखोटं मात्र माझं आहे, त्याला त्यांनी हात लावू नये.

माझी बायको कौसल्या. आमच्या उंद्रीत आणि आसपासच्या गावांत तिला वेखंडवाली कौसाबाई म्हणत. पोरगं वेळेवर बोललं नाही, की बाया त्याला कडेवर घेऊन मंगळवारी-शनिवारी आमच्या दारी यायच्या. कौसा वेखंडाची मुळी सहाणेवर उगाळायची, मधात कालवून पोराच्या जिभेला लावायची, आणि घरी लावायला मुळीचा एक तुकडा पुडीत बांधून द्यायची. हे तिला तिच्या मायनं शिकवलेलं. पोरगं बोलायला लागलं की माणसं नारळ घेऊन परत यायची, पोराला पुढं ढकलून म्हणायची, "सांग बे, आजीले नाव सांग तुह्यं." ते पोरगं लाजून आईच्या लुगड्यात शिरायचं आणि सगळे हसायचे. मी बाजारातून छाती काढून चालायचो, खोटं कशाला सांगू. जी परत आली नाहीत ती बरी झाली म्हणून आली नसतील, असं आम्ही धरून चालायचो. बऱ्या झालेल्या माणसाला कशाची आठवण राहते...

महाराष्ट्र झाला त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची गोष्ट. शेजारच्या देशमुखांची भाची कुमुद उन्हाळ्यात मामाकडं आली होती. मुंबईला ती नवंच काही शिकत होती. माणसाला बोलणं कसं येतं, का अडतं, अडलं तर काय करावं, याचं शिक्षण. मी तिला म्हटलं, बोलायचं कॉलेज काढलं का मुंबईत, आमच्या गावात तर बाया न शिकता बोलतात. ती हसली. रागावली नाही. दोन मंगळवार कौसाजवळ बसून नुसतं बघत राहिली, आणि तिसऱ्या मंगळवारी, बाया गेल्यावर, तिनं विचारलं, "मावशी, बोलायला लागलेली मुलं तुम्ही पाहता. जी परत येत नाहीत, त्यांचं काय होतं?"

कौसा म्हणाली, "बरीच झाली असतीन."

"कोणी जाऊन पाहिलं?"

कोणी पाहिलं नव्हतं. कुमुद आणखीही बोलली. पुष्कळ मुलं दोन-तीन वर्षांची होता होता आपणच बोलायला लागतात, काही केलं तरी आणि नाही केलं तरी. मग ती वेखंडानं बोलली की वयानं, हे कसं ओळखायचं? मला राग आला. मी म्हटलं, पोरी, चार बुकं वाचली म्हणून म्हाताऱ्या बाईची परीक्षा घेऊ नये. कौसानं मला हातानं थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीतला कोळसा माझ्या हातात दिला आणि चुलीमागच्या भिंतीकडं बोट करून म्हणाली, "मी नावं सांगतो, तुम्ही लिवा."

तिला लिहिता येत नव्हतं, पण पोरगं, त्याची माय, गाव, सगळं तोंडपाठ. मी लिहीत गेलो. भिंत कोपऱ्यापर्यंत भरली. ज्या पोराचं बोलणं आम्ही कानांनी ऐकलं होतं, त्याच्यापुढं ती कुंकवाचं बोट लावायची. जे अजून मुकंच असल्याचं कळलं, त्याच्यापुढं तव्याची काजळी. आणि ज्याचं काहीच माहीत नाही, त्याच्यापुढं काही नाही. अशी रिकामी नावं इतकी निघाली, की ती काजळीचा हात घेऊन चुलीपाशी खाली बसली. त्यानंतर दर दिवाळीला घर सारवलं-पोतारलं, पण त्या भिंतीला तिनं कधी पोतेरं लागू दिलं नाही.

मग आम्ही फिरलो. कधी गाडीनं, कधी एसटीनं, शेतीचं काम नसेल तेव्हा. रिकाम्या नावांपुढं काजळी चढत गेली. लोणारला तर मी विसरू म्हणून विसरणार नाही. स्टँडाजवळ शिवणकाम करणारा एक मुसलमान माणूस, त्याचा पोरगा नऊ वर्षांचा झालेला. बापानं मागून दोनदा हाक मारली, पोरानं मान वळवली नाही. चिंध्यांचं काहीतरी करत बसलेला. माय म्हणाली, रांगत होता तेव्हापासून दोन्ही कान वाहतात. कौसानं विचारलं, मग डॉक्टरला दाखवलं नाही का? तो माणूस मशीनवरून उठला, तिला बसायला स्टूल दिलं आणि अगदी सरळ आवाजात म्हणाला, "आपनेच बोले थे ना अम्मा, जबान भारी है, सबर रखो. रखे हम सबर."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं चहा मागवला. परतीच्या गाडीत कौसा खिडकीकडं तोंड करून बसली होती. मेहकर मागं पडल्यावर म्हणाली, "मी जीभच पायत राह्यली. कान पायलेच नाही." घरी आल्यावर तिनं अन्न टाकल्यासारखंच केलं. भाकरी घ्यायची, अर्धी गाईला द्यायची.

आता माझं खोटं. भिंतीवर एक नाव होतं यमुना. तिच्या मायचं माहेर उंद्रीजवळ, सासर संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या अंगाला. चार वर्षं ओलांडलेली पोरगी, कानांनी सगळं ऐकायची, सांगितलेलं काम करायची, आणि तोंडातून एक शब्द नाही. पुडी घेऊन गेली ती परत आली नव्हती. लहानग्यांच्या नारळांवर कौसाचा आता विश्वास उरला नव्हता. ती आपणच बोलली असतील, म्हणायची. पण ही एवढी मोठी पोरगी बोलली असेल, तर वेखंडात काहीतरी आहे. माझी बहीण संग्रामपूरला दिलेली. तिच्याकडं लग्न होतं, म्हणून मी एकटाच निघालो, तेव्हा कौसा वेशीपर्यंत आली आणि म्हणाली, यमुनाले पाहून या. लग्न झालं. तिथून पुढं दीड कोस पायी जायचं होतं. ऊन होतं. मी जेवलो, बहिणीच्या ओसरीत झोपलो, आणि उठलो तेव्हा परतीच्या गाडीची वेळ झाली होती. गाडीत मी लोणारच्या त्या स्टुलाचा विचार करत होतो, आणि गाईला दिलेल्या भाकरीचा. घरी पोचलो तर ती दारातच. मी म्हटलं, "बोलते. फडाफड बोलते."

ती आत गेली आणि कुंकवाचं बोट लावून आली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी समोर बसून बघत होतो आणि मला वाटलं, चांगलं केलं आपण.

चांगलं कसलं. मला वाटलं होतं, आता हे फिरणं-पाहणं संपेल. ते वाढलं. कुमुदला पत्र लिहायला लावलं तिनं मला. कुमुदचं उत्तर आलं, की एका मुलीवरून काही सांगता येत नाही, औषध दिलेली आणि न दिलेली मुलं शेजारी शेजारी ठेवून पाहावं लागतं. कौसानं त्यावर पंधरा दिवस विचार केला. मग मंगळवारी येणाऱ्या पोरांना वेखंड, शनिवारी येणाऱ्यांना नुसता मध. वासातला फरक कळू नये म्हणून सहाण तीच. कोणाला सांगायचं नाही. मी चिडलो. म्हटलं, "लोकांले फसवून राह्यली का तू?"

ती उगाळत होती, हात न थांबवता म्हणाली, "आजवर फसवत होतो का नाही, तेच तं पाहून राह्यली."

दोन वर्षं तिनं हे केलं, दोन्ही वारांची नावं वेगवेगळ्या बाजूंना लिहायला लावून, आणि एकूणएक घरी स्वतः जाऊन. माझ्यावर विसंबली नाही असं नाही. माझेच गुडघे दुखायला लागले होते. दोन वर्षांनी तिनं मला भिंतीपुढं उभं केलं. मंगळवारच्या बाजूला जेवढं कुंकू, साधारण तेवढंच शनिवारच्या. तिनं वेखंडाच्या मुळ्या फडताळात कपड्यांत टाकून दिल्या, कसर लागू नये म्हणून. त्यानंतर कोणी पोरगं घेऊन आलं, की ती आधी त्याला पाठमोरं बसवायची आणि मागून वाटी वाजवायची. वाटी हातात धरून. जमिनीवर थाळी आपटली तर बहिरं पोरगंही वळतं, कारण धक्का त्याच्या अंगाला लागतो. हे तिला कुमुदनं सांगितलं नव्हतं, एका पोरावर फसल्यावर तिचं तिलाच कळलं. पोरगं वळलं नाही तर ती मायला सांगायची, बाई, बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात जा, आजच जा, माह्या भरवशावर राहू नको. लोकांना हे आवडलं नाही. औषध मागायला आलेल्या माणसाला दवाखान्याचा रस्ता दाखवणारी बाई कोणाला पाहिजे? बाया येईनाशा झाल्या. नारळ बंद झाले. वेशीवर मला विचारणारे विचारीनासे झाले. मंगळवारी आम्ही दोघंच ओट्यावर बसायचो.

एवढं सगळं मिटलं, पण यमुना मिटली नाही. सगळ्या भिंतीत तेवढं एकच बोट तिला खुपायचं. मी म्हणायचो, सोड ना, एवढ्यांत एक. ती म्हणायची, "एक असली तरी हाय ना. आपल्याले जमत नाही म्हणून पुसून टाकायची का?" किती दिवस लावलं, कशात लावलं, दुसरं काय केलं, हे तिला यमुनाच्या मायला विचारायचं होतं. दरवर्षी चैत्रात जाऊ म्हणायची. दरवर्षी मी काही ना काही काढायचो. कधी बैल आजारी, कधी मी. खरं सांगायला दहा चैत्र होते माझ्यापाशी. ती ओट्यावर बसून विचार करायची, की कुठं चुकलं, आणि जिथं चुकलं तो माणूस शेजारी बसून तुरीचे दाणे खायचा.

तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. तेरवीच्या संध्याकाळी सगळे गेले. मुलगी म्हणत होती, बाबा, माझ्याकडं चला. मी नाही म्हटलं. स्वयंपाकघरात गेलो तर कोणीतरी चांगल्या मनानं चुलीमागची भिंत पोतारून टाकलेली. पांढरी स्वच्छ. कोणाला बोलून काय... नावं तिला पाठ होती, मला नव्हती. एकच पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली एसटी धरली. खामगावला गाडी बदलली. संग्रामपूरला उतरून बहिणीच्या घरावरून गेलो, ती जाऊन तीन वर्षं झाली, आणि पुढं ते दीड कोस पायी गेलो. काही लांब नव्हतं. सत्तरीच्या माणसाला जमलं. घर विचारत गेलो. आंगणात एक बाई मिरच्या निवडत होती आणि आत कोणी पोरगी धाकट्या भावाला रागावत होती, त्यानं पाण्याचा हंडा सांडला म्हणून. काय काय बोलत होती त्याला. मी दारातच उभा राहिलो. बाईला म्हटलं, मी उंद्रीचा, कौसाबाईचा नवरा. तिनं ओळखलं. मी विचारलं, आत बोलते ती यमुना का? म्हणाली, हाव, आमची यमुनाच, आता तोंड मिटत नाही तिचं. मी टेकलो. मग ती मान खाली घालून हसली आणि म्हणाली, "मामाजी, रागावू नका, पण तुमची पुडी तिले लावलीच नाही. सासूनं ते वेखंड नेऊन ज्वारीच्या कणगीत टाकलं. म्हणे कोणाचंबी काहीबी पोरीच्या तोंडात घालू नको. मग हा धाकटा झाला, अन् हे पाळण्यापाशी बसून त्याच्यासंग बोलायले लागली. आपणच. आम्ही तं लाजेनं आलो नाही तुमच्याकडं." आणि पुढं म्हणाली, "त्या साली ज्वारीले मातर एक कीड लागली नाही."

मी तिला खरं सांगितलं. की मी दहा वर्षांपूर्वी यायचा होतो आणि आलो नाही, आणि आलो असं घरी सांगितलं. आणि कौसा आता नाही. बाईनं हातातल्या मिरच्या सुपात ठेवल्या. यमुना पाणी घेऊन बाहेर आली, तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि तांब्या माझ्यापुढं धरला. मी पाणी प्यालो. मग म्हटलं, "बाई, पुन्यांदा सांग. पुडी घेऊन घरी आली तिथून. काही सोडू नको."

तिनं पदर सावरला आणि पहिल्यापासून सांगायला लागली.