टाच न वाजवता सॅल्यूट

माझी शेवटची पोस्टिंग डोंगरकड्याला आहे. घर स्वतःचं, शिवार हळदीचं, कमांडिंग ऑफिसर बायको. हवालदार म्हणून रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं, आता पाठीवर पिट्टू नाही, समोर चढण नाही, निवांत राहू. काही वर्षं राहिलोही. मग उजव्या टाचेनं असा काही दावा साधला की मी माझ्याच घरात, माझ्याच खाटेवर अडकलो.

अडकलो म्हणजे काय, ते सांगतो. सकाळी जाग आली की पाय खाली सोडायचे आणि बसून राहायचं. फरशीकडं बघत. पहिलं पाऊल टेकलं की टाचेत कुणी दाभण खुपसावं तशी कळ यायची. भिंत धरून थोडं चाललं की जरा मोकळं वाटायचं. जेवायला बसलो, उठलो, की पुन्हा पहिल्यापासून. जखम नाही, वरून सूज नाही, एक्स-रे साफ. माणूस दिसायला धडधाकट आणि न्हाणीपर्यंत जायला घाबरतो, हे सांगायचं तरी कुणाला?

सुमन, म्हणजे माझी बायको, आधी हसली. "बर्फाचे डोंगर चढून आलेला माणूस, अन् आता न्हाणी गाठंना व्हय!" पण मी सकाळचा चहा खाटेवरच मागायला लागलो तेव्हा तिचं हसणं थांबलं आणि उपचार सुरू झाले. आमच्या घरात हळदीला तोटा नाही. गरम हळदीचा लेप झाला. रुईचं पान तव्यावर शेकून बांधलं. वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक दिला. झोपताना बरं वाटायचं. सकाळी पुन्हा तीच फरशी आणि तीच टाच.

मी स्वतः काय केलं असेल? पळणं वाढवलं. गावातली पोरं भरतीची तयारी करायची, त्यांना मी डांबरी सडकेवर पळवायचो, पायात माझे फौजेतले जुने, कडक तळाचे डीएमएस बूट. ट्रेनिंग सेंटरला आमचे उस्ताद ओरडायचे, "एड़ी मार! ज़मीन हिलनी चाहिए!" अख्खी नोकरी मी टाच मारत आलो. दुखतंय म्हटलं की जास्त पळवायचं, हीच शिकवण. डोकं गुडघ्यात असल्यासारखा मी महिनाभर पळालो आणि शेवटी एके सकाळी सडकेच्या कडेला मैलाच्या दगडावर बसलो तो उठलोच नाही. पोरांनी मोटरसायकलवर घालून घरी आणलं.

मला घाई होती ती हट्टा गावाला जायची. पावसाळा सरताना नाईक गौतम खिल्लारेचा दिवस येतो. त्या दिवशी मी हट्ट्याला त्याच्या आईकडं जातो, एकही वर्ष चुकलेलं नाही. अंगणात त्याच्या नावाचा काळा दगड आहे. मी मार्च करत जातो, थांबतो, टाच मारतो, सॅल्यूट देतो. मायला आता दिसत नाही. टाच वाजली की ती बाजेवरून म्हणते, "आला माणिक." वर्षातून एकदा तिच्या अंगणात फौजी टाच वाजते. ती वाजवता आली नाही तर काय, एवढा एकच घोर मला लागला होता.

गौतमचं सांगतो.

तेव्हा मी लान्स नाईक होतो, तो नाईक. पोस्ट काश्मीरच्या डोंगरात, नियंत्रण रेषेवर. सगळ्या पलटणीत हिंगोली जिल्ह्याचे आम्ही दोघंच. लंगरात शेजारी बसायचो. त्याच्या मायनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी तो मला चमच्यानं मोजून द्यायचा आणि वर म्हणायचा, "सिनियरचं अन्न हाय, जपून खाय." पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर उभं राहायचं, मग चहा, मग हत्यार सफाई, मग ड्यूटी. दिवस असे जायचे.

त्या सकाळी लिंक पेट्रोल होतं. शेजारच्या पोस्टची माणसं अर्ध्या वाटेवर येतात, त्यांना भेटायचं आणि परतायचं. वाट रोजची. पण पाऊस आणि वितळणारा बर्फ डोंगरातले जुने सुरुंग जागेवरून हलवतात आणि वाहून कुठंही आणून टाकतात. त्याला ड्रिफ्ट माइन म्हणतात. आदल्या दिवशी साफ असलेली वाट दुसऱ्या दिवशी साफ असेलच असं नाही. रात्रभर पाऊस झाला होता.

सर्वांत पुढं गौतम, मागं मी, माझ्यामागं नायब सुभेदार साहेब, मग बाकीचे. धमाका फार मोठा नव्हता. माती उडाली, खाली बसली. गौतम वाटेत बसलेला दिसला, दमलेला माणूस बसतो तसा. त्याचा डावा पाय घोट्याखाली नव्हता.

"रुक जाओ!" साहेब ओरडले. "जो जहाँ है, वहीं! कदम मत उठाना!"

माझा उजवा पाय एका चपट्या दगडावर होता आणि डावा हवेत. तो ठेवायचा कुठं? समोर चिखल, शेजारी चिखल, कशाखाली काय आहे कळायला मार्ग नाही. शेवटी डावा पाय उजव्या बुटावरच टेकवला. सगळा भार उजव्या टाचेवर आला. माझ्या आणि गौतमच्या मध्ये एका बैलगाडीएवढं अंतर असेल.

मागून साहेब वायरलेसवर बोलत होते. "चार्ली फॉर टायगर. माइन ब्लास्ट. एक कैजुअल्टी. इंजीनियर पार्टी भेजो. ओवर."

"टायगर. पार्टी निकल रही है. कोई नहीं हिलेगा. ओवर."

गौतमनं स्वतःच मांडीला पट्टा आवळला. मग त्यानं मान वळवली.

"माणिक."

"हां."

"पाय गेला काय रे?"

"व्हय." त्याला दिसतच होतं, खोटं काय बोलणार.

"तू यिऊ नको."

"थांब, येतो मी."

"म्या सांगून राहिलो न, यिऊ नको! नाईक कोण हाय, तू का म्या?"

त्या अवस्थेत त्यानं मला दरडावलं. मी थांबलो. साहेब संगीन काढून पोटावर झोपले आणि माती टोचत पुढं सरकायला लागले. वीतभर जागा तपासायची, मग वीतभर सरकायचं. घाई केली तर आणखी एक जण जाणार. ते माझ्यापर्यंतच पोचेनात, तर त्याच्यापर्यंत कधी पोचणार? ऊन डोंगरावरून खाली उतरून आमच्यावर आलं. मी उभाच. टाच आधी दुखली, मग जळाली, मग बधिर झाली. मी गौतमशी बोलत राहिलो. हट्ट्याच्या बाजाराचं, हळद शिजवायच्या कढईचं, कशाचंही.

मध्येच तो म्हणाला, "राहिलेल्या पायाला लई मुंग्या येऊन राहिल्या रे. कुणी जरा दाबला असता त बरं झालं असतं. माय दाबायची."

मी हात पुढं केला. पुरणार नव्हता, मला माहीत होतं, तरी केला. त्यानं बघितलं आणि हसला. त्यानंतर तो फारसा बोलला नाही.

इंजीनियर पार्टी पांढरी टेप अंथरत आली. स्ट्रेचर त्याच्यापर्यंत पोचलं तेव्हा तो गेलेला होता. मग एक जवान मला म्हणाला, "अब चलो, टेप पर पैर रखो." माझा उजवा पाय दगडावरून उचलेना. दोघांनी गुडघ्याला धरून उचलला.

गौतमला घेऊन मीच हट्ट्याला आलो होतो. मायनं विचारलं, तो काय काय बोलला. मी सगळं सांगितलं, मुंग्यांचंही. तिनं ऐकून घेतलं आणि उठून आत गेली.

आता ही टाच दुखते ती तीच. पण हिंगोलीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याचा याच्याशी संबंध नाही. पोरांनी घरी आणून टाकल्यावर सुमननंच मला गाडीत बसवून त्यांच्याकडं नेलं होतं. व्यायामानं उपचार करणाऱ्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी बोटानं टाचेच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी दाबलं आणि मी खुर्चीवरून उठलो.

"काका, तळपायाखाली एक पट्टा असतो, टाचेपासून बोटांपर्यंत. त्याला सूज आलीय. रात्रभर तो आखडून बसतो आणि सकाळी तुम्ही एकदम सगळं वजन त्याच्यावर टाकता."

"म्हणजे पहिलं पाऊलच टाकायचं न्हाई?"

"टाकायचं. पण आधी जागा तयार करून."

आधी जागा तपासायची, मग पुढं सरकायचं, हे मी त्या वाटेवर साहेबांना पोटावर सरकताना बघूनच शिकलो होतो.

मग त्यांनी ऑर्डर्स दिल्या. खाटेवरून उतरण्याआधी टॉवेल चवड्याला अडकवून पाय स्वतःकडं ओढायचा, सावकाश. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. पाण्याची बाटली बर्फ करून तळपायाखाली फिरवायची. वजन उतरवायचं. फरशीवर अनवाणी पाऊल टाकायचं नाही, घरातही नाही. माझे बूट त्यांनी उलटे करून बघितले. टाच एका बाजूनं पार झिजलेली. "हे घालायचे नाहीत. आणि महिनोन्‌महिने धीर धरायचा, चार दिवसांत बरं होणारं हे नाही."

"अन् टाच मारायची?"

"अजिबात नाही."

"एकदाच. वर्षातून एक दिवस असतो."

"एकदाही नाही, काका. परत पहिल्यापासून सुरू होईल."

घरी आल्यावर खरी लढाई चपलेवरून झाली. सुमनच्या घरात उंबऱ्याच्या आत पायताण येत नाही. माझी आई असतानाही आलं नाही. "देव हाय घरात! चपला घालून फिरता काय चौकीदारावानी?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी खाटेखाली मऊ रबराची कोरी चप्पल ठेवलेली होती. "ही बाहीर न्यायाची न्हाई. अन् देवघरात काढायाची," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

मी ऑर्डर पाळली. टॉवेल, भिंत, बाटली, चप्पल. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. चिडचिड केली, बाटली भिरकावली, सुमननं ती उचलून परत फ्रीजरमध्ये ठेवली. मग एका सकाळी पाय खाली ठेवला तेव्हा कळ आली, पण दाभण नव्हतं. पुढं ती कळही कमी होत गेली. पण पुरती गेली नव्हती आणि गौतमचा दिवस आला.

हट्ट्याला सुमन सोबत आली. मी ब्लेझर घातला, मेडलं लावली, पायात जाड मऊ तळाचे बूट. रस्ताभर ती एकच वाक्य बोलली, "आपटू नका, सांगून ठेवते." पण मी मनात ठरवलं होतं, आपटायची. पुढचे सहा महिने खाटेवर गेले तर गेले.

अंगण सारवलेलं होतं. दगडाला हार. त्याचा भाऊ पुढं आला, "जय भीम, दादा," म्हणाला आणि बाजूला उभा राहिला. सुमन मायच्या पाया पडून तिच्याजवळ उभी राहिली. माय बाजेवर, कान माझ्या दिशेला. मी मार्च करत गेलो. दगडासमोर थांबलो. उजवा पाय उचलला.

आणि पाय तसाच हवेत राहिला. एका पायावर उभा, दुसरा कुठं ठेवू कळेना, आणि समोर गौतम. मला त्याचा आवाज आठवला. म्या सांगून राहिलो न.

मी पाय हळूच खाली टेकवला. आवाज झाला नाही. हात कपाळाला नेला.

मग मायनं मान वळवली. "सुमन, माणिक आला न्हाई काय गं आजून?"

"आलो, माय. इथंच हाय. सॅल्यूट देऊन राहिलो."

"टाच कुठं वाजली?"

"टाच लई दुखती, माय. डॉक्टरनं आपटू नको म्हणलं."

"मंग काहून उभा? ये इकडं. बस."

मी बाजेवर बसलो. तिनं चाचपडत माझा गुडघा शोधला, मग पोटरी, मग बूट. नाडी सोडायला लागली. मी पाय मागं घेतला. "माय, पाय नको धरू. तू मोठी हाईस."

"गप बस." तिनं पाय ओढून मांडीवर घेतला. "त्यो म्हणला होता न तुला, कुणी दाबला असता त बरं झालं असतं. तुला तिथून हालता येईना. म्या हितं बसलेली. कुणाच्या हातानं झालं न्हाई ते. आता दे."

ती टाच दाबायला लागली. हात वाळलेले, पण अंगठ्यात जोर होता. डॉक्टरबाईंनी दाखवलेली जागा तिला बरोबर सापडली नाही, आणि ठिकठिकाणी दुखत होतं, पण मी पाय हलवला नाही. मी रडलो. सगळ्यांसमोर रडलो. सुमनही पदर तोंडाला लावून उभी होती.

आता सकाळी मी उठतो, टॉवेल घेतो, चप्पल घालतो आणि चालू लागतो. टाच कधीमधी कुरकुरते. हट्ट्याला दरवर्षी जातो. टाच मारत नाही, मोठ्यानं नाव सांगतो, म्हणजे मायला कळतं.

रिटायर मी हवालदार म्हणून झालो. पण त्या दगडासमोर मी "लान्स नाईक माणिक, हाजिर" असंच म्हणतो. कारण समोर नाईक गौतम खिल्लारे आहे, आणि तिथं ऑर्डर त्याची चालते.