चेरीच्या लाकडातला पखवाज

देव्हाऱ्याच्या उजव्या खांबाला तेल लावून झालं होतं, डावा अजून कोरडाच होता. पण भानुमतीच्या हातातला फडका थबकला. समोरच्या फळीवर हिमांशूचे लाकडी इअरफोन तेलानं चकाकत होते. तिनंच चोळले होते, दोन मिनिटांपूर्वी.

दुष्काळाचा तिसरा उन्हाळा. हर्सूलच्या तलावात नुसत्या भेगा, घरातलं लाकूडही तडकत चाललेलं. पाट असो की देव्हारा, लाकूड वाळलं की दोन थेंब गोडंतेल लावायचं, ही सासूबाईंची शिस्त. इअरफोनच्या त्या बोराएवढ्या बोंडांवरही हात सवयीनं फिरला. मग दिसलं, डाव्या बोंडाच्या तोंडावरच्या बारीक जाळीत तेल उतरलंय.

हिमांशू वाळूजच्या कंपनीकडून सहा महिने जपानला होता, कालच परतला. आल्या आल्या म्हणाला, "आई, एका म्हाताऱ्या सुतारानं हातानं घडवलेत. चेरीचं लाकूड. दोन्हींचा आवाज तंतोतंत जुळेपर्यंत तो जोडी हातावेगळी करत नाय. बाबांसाठी आणलेत, हात लावू नको."

बाबांसाठी, कारण वैजनाथरावांचा पखवाज पणाला लागला होता. तीस वर्षं कारकुनी केली, पण गल्लीत त्यांची ओळख पखवाजाचीच. दर शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला बसायचे. दोन महिन्यांपासून मात्र त्यांच्या पखवाजाची डावी, ओली कणीक थापून सुरात आणायची बाजू उतरलेली असे आणि त्यांना पत्ताच नसे. "शेजारी नव्या बिल्डिंगचं बोअर चालू आहे. सातशे फूट गेले, पाणी नाय. कान किटले माझे," ते म्हणत.

भजनी मंडळाचे सर्जेराव गेल्या शनिवारी सगळ्यांदेखत म्हणाले, "वैजनाथराव, कणीक पखवाजाला लावा, कानाला नको!" माणसं हसली. मग त्यांनी जाता जाता विचारलं, "हनुमान जयंतीला तुम्ही बसणार, का दुसरा बघू? मंगळवारी संध्याकाळी येतो, सांगा."

आज मंगळवार. हिमांशूनं वडिलांचं आठ वर्षांपूर्वीचं वाजवणं फोनमध्ये घालून ठेवलं होतं. ते ऐकून जुना हात आठवायचा आणि सर्जेरावांना हो म्हणायचं, असं बापलेकांचं ठरलेलं.

भानुमतीनं पदरानं जाळी टिपली. तेल शोषायला डाळीचं पीठ दाबावं का, असं मनात येतंय तोवर बोअरचं मशीन थांबलं. जेवणाची सुट्टी. वैजनाथराव आत आले, मागोमाग फोन घेऊन हिमांशू.

"आण गं ते जपानी."

बोंडं कानात गेली. भानुमती देवाकडे तोंड करून मारुतीचं नाव घेऊ लागली.

"काय साफ वाजतंय रे! शाईवरचं बोटसुद्धा कळतंय." मग कपाळाला आठी. "पण डावं मुकं आहे."

"कसं शक्य आहे? विमानात ऐकत आलोय मी."

भानुमतीला राहवलं नाही. "अहो, माझ्यामुळं झालं. लाकूड कोरडं दिसलं, तेल चोळलं."

"आई! देवाचा पाट वाटला का तुला?"

"ओरडू नको तिच्यावर," वैजनाथराव म्हणाले, पण आवाज पडला होता. "सर्जेराव संध्याकाळी यायचेत. काय सांगू त्यांना?"

"आणा इकडं. किती बिघडलंय बघू तरी."

तिनं दोन्ही बोंडं कानात घातली आणि दचकलीच. देऊळ डोक्यात उतरलं होतं. टाळ लांब, बुवांचा श्वास जवळ, आणि डावीकडून कणकेवरची ती थाप. भरल्या रांजणात कुणी हाक मारावी तशी, गोल. आठ वर्षांपूर्वीचा नवऱ्याचा हात.

"अहो, दोन्ही वाजतात."

"चल, काहीतरीच."

हिमांशूनं घालून पाहिलं. मग डावं बोंड वडिलांच्या उजव्या कानात घातलं. वैजनाथरावांची बोटं मांडीवर चालू लागली. ते काढून त्यानं उजवं बोंड त्यांच्या डाव्या कानात घातलं. बोटं थांबली.

बाहेर मशीन पुन्हा सुरू झालं. खिडकीचे गज थरथरले. वैजनाथरावांनी उजवा कान तळव्यानं घट्ट दाबला.

"लांब गेलं की रे मशीन," ते म्हणाले.

मशीन खिडकीखालीच होतं. भानुमतीनं त्यांचा हात कानावरून खाली घेतला, धरून ठेवला.

"सर्जेरावांना म्हणावं, यंदा दुसरा बघा," ते पुटपुटले.

"का म्हणून? येऊ द्या त्यांना, मी बोलते. जयंतीला दहा दिवस आहेत. उजव्या कानानं कणीक जुळवा, जुळतेय का बघू. पण आधी डॉक्टर." तिनं फडका उचलून डाव्या खांबाला तेल लावायला घेतलं. "हिमांशू, आठचा गजर लाव."

उद्या सकाळी तिला आणि वैजनाथरावांना घाटीच्या सरकारी दवाखान्यात कानाच्या तपासणीची चिठ्ठी काढायला जायचं होतं.