जगनचा दम

रोडपालीचा जगन हसायला लागला की मिठागराच्या पलीकडल्या बांधावरची माणसंही काम टाकून हसायची. कशाला हसतोय, ते कुणी विचारत नसे. अंगानं सडसडीत होता, पण हुतूतूच्या मैदानात त्याची चढाई बघायला पनवेलहून माणसं चालत यायची. एका दमात तो सातही गड्यांना झुलवून परत यायचा.

एकोणीसशे बासष्टच्या होळीला मात्र उरणच्या धिप्पाड गड्यांनी त्याला तीनदा दाबून धरलं. जगनच्या ते मनाला लागलं. गणपतीला त्याचा मेव्हणा कमळाकर मुंबईहून आला. तो गोदीत कामाला होता आणि तिथल्याच तालमीत जायचा. त्यानं खिशातून काचेची बाटली काढली.

"परदेशी गोळ्या हायत, दाजी. दोन महिन्यांत दंड बघा."

"पण मला रोग कुठं झालाय?"

"रोगाला नाय वो, ताकदीला. आमच्या तालमीत समदे घेतात. मी पण घेतो."

दसऱ्यापर्यंत सदऱ्याच्या बाह्या दंडाला आवळू लागल्या. भाताची गोणी जगन एका हातानं उचलायचा. गाव वाहवा करू लागलं. पण पाठीवर पुटकुळ्या उठल्या, पाय सुजले, डोकं सारखं ठणकू लागलं. छातीही दुखरी होऊन बाईसारखी फुगली. त्याची बायको वेणू एकदा जेवण वाढता वाढता म्हणाली, "बाजारात चाललेय. तुमच्यासाठी पण चोळीचं कापड आणू का?"

एरवी या चेष्टेवर तो लोळून हसला असता. त्या दिवशी त्यानं ताट भिरकावलं. भात चुलीपर्यंत सांडला. वेणू खाली बसून भात गोळा करू लागली. जगन आपल्या हाताकडे बघत राहिला.

दिवाळीच्या सामन्यात त्यानं पहिली पकड झटक्यात तोडली. लोकांनी टोप्या उडवल्या. चौथ्या चढाईला मात्र ऐन मैदानात त्याचं "हुतूतू" घशातच अडकलं, दम तुटला आणि नाकातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी वेणूनं त्याला पनवेलला डॉक्टर दमयंतीबाईंकडे नेलं. गोळ्यांची बाटलीही तिनं पदरात बांधून घेतली होती.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, मग बाटली उजेडात धरून वाचली.

"ही कुणी दिली तुम्हाला?"

"मेव्हण्यानं. ताकदीची हाय."

"हे हार्मोन आहे. पुरुषाच्या शरीरात ते आपोआप तयार होतं. आजारानं झिजलेल्या माणसाला आम्ही मोजून देतो. तुम्ही मूठमूठ खाल्लंत, म्हणून रक्तदाब चढला, अंगात पाणी साठलं. अशानं यकृत बिघडतं, हृदयावर ताण येतो, मूलबाळ होणंसुद्धा अवघड होतं."

"पण अंगात असतंच, तर जास्त झालं म्हणून काय बिघडलं?"

बाई हसल्या. "तुमच्या दारात रोज कुणी फुकट मीठ आणून ओतलं, तर मिठागर कोण पिकवील?"

जगनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हंजे माझं मिठागर बंद पडलंय?"

"होईल सुरू. पण धीर धरा, आणि मला दर पंधरा दिवसांनी दाखवायला या."

धीर धरणं सोपं नव्हतं. गोळ्या सुटल्या तसे दंड ओसरले, आणि दोन महिने माणूस मरगळून ओट्यावर बसून राहिला. मग सूज उतरली, झोप लागू लागली. माघात तो पुन्हा मिठावर फळी ओढायला गेला. एक दिवस भाकरी घेऊन आलेल्या त्याच्या सासूबाई गंगाबाई चिखलात घसरून बसल्या आणि उठताना जावयाला शिव्या देऊ लागल्या, तेव्हा जगन असा खदखदून हसला की वेणूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं कमळाकरला निरोप धाडला, बोलावून घेतलं आणि स्वतः हात धरून डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं.

होळीचा सामना रोडपालीनं एका गुणानं गमावला. पण शेवटच्या चढाईत जगन इतका वेळ हुतूतू घुमवत राहिला की उरणचे गडी पकड विसरून ऐकत उभे राहिले, आणि तो परतल्यावर त्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं. वरून तो ओरडला, "ए वेणू, पावण्यांना जेवायला घेऊन येतोय गं!"

वेणूनं कपाळावर हात मारला आणि कमळाकरला मोठा जिताडा मासा आणायला खाडीवर पिटाळलं.