पांढरं की राखाडी

मुलगी पुण्याहून परत आली तेव्हा उन्हाळा संपत आला होता. नवऱ्याशी पटत नाही, एवढंच तिनं आईला सांगितलं. मला तेवढंही सांगितलं नाही, ते मला बायकोकडून कळलं. येताना तिनं कपड्यांच्या बॅगा आणल्या, लॅपटॉप आणला आणि कामाला बसायची चाकांची खुर्चीही आणली. ती खुर्ची बघून मला वाटलं, ही आता बराच काळ राहणार. पण लग्नातल्या साड्या, दागिने, पुस्तकं सगळं तिकडेच होतं, म्हणून असंही वाटायचं की जाईल परत. कंपनीचं काम ती घरूनच करायची. दार लावून दिवसभर इंग्रजीत बोलायची आणि जेवायला बाहेर आली की गप्प.

मग एकदा जेवताना तिनं ताटातून मान वर न करता सांगितलं, "मला मांजर पाळायचंय."

बायकोचं माहेर निफाडकडचं. तिथे कांद्याच्या चाळीत मांजरं असायचीच, ती कुणी आणली नव्हती आणि कुणी पाळलीही नव्हती. तिला मांजर म्हणजे जाऊन-येऊन राहणारं जनावर. नाशिक रोडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते कोंडून कशाला ठेवायचं, असं तिनं विचारलं. मुलीकडे उत्तर तयार होतं. काही जातींची मांजरं घरातच सुखानं राहतात, त्यांना उड्या मारायला गच्ची लागत नाही, ती शांत असतात. तिनं बरंच वाचलेलं दिसत होतं. चाळून चाळून दोन जाती उरल्या होत्या, एक पर्शियन आणि दुसरी ब्रिटिश शॉर्टहेअर. दोन्ही शांत. आता त्यातली कोणती, एवढंच ठरत नव्हतं.

"बाबा, तुम्ही चला माझ्यासोबत बघायला," ती म्हणाली. घरी आल्यापासून तिनं पहिल्यांदाच मला काही मागितलं होतं, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता.

माझी सगळी नोकरी सरकारी छापखान्यात गेली. छापलेला कागद हातात घ्यायचा, चूक दिसली तर बाजूला टाकायचा, नाहीतर पुढे सोडायचा. क्षणभरात ठरवायची सवय. त्यामुळे दोन मांजरांतून एक निवडणं मला अवघड वाटलं नव्हतं.

आधी आम्ही इंदिरानगरला एका बाईंकडे गेलो. त्या घरीच पर्शियन मांजरं वाढवायच्या. खोलीत एसी चालू होता आणि सोफ्यावर एक पांढरं पिल्लू कापसाच्या गोळ्यासारखं पडलं होतं. बाईंनी ते उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी काही म्हणायच्या आत ते झोपलंसुद्धा. माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. मी तसाच हवेत धरून बसलो, आणि मुलगी हसली. तिचं हसणं मी किती दिवसांनी ऐकलं, त्यामुळे पिल्लू मला तिथेच आवडून गेलं. बाई सांगत होत्या, रोज विंचरावं लागेल, नाहीतर केसांच्या गाठी होतात. डोळ्यांतून पाणी येतं, ते ओल्या कापसानं पुसायचं. उन्हाळ्यात जपावं लागतं. बाकी काही त्रास नाही, दिवसभर मांडीवर बसून राहील. मुलीनं पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि ती मला म्हणाली, "आईच्या मांडीवर बसेल का हो असं?" मला तो प्रश्न विचित्र वाटला, पण मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी गंगापूर रोडला गेलो. तिथल्या तरुण नवरा-बायकोची बदली परदेशात झाली होती आणि ते आपल्या ब्रिटिश मांजरीला घर शोधत होते. ती मोठी, वाढलेली मांजर होती. राखाडी रंग, गोल चेहरा, मखमलीसारखे आखूड केस. आम्ही बसलो तरी ती जवळ आली नाही. खुर्चीच्या पायाशी, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर बसून राहिली. उचललेलं तिला आवडत नाही, असं त्या तरुणानं सांगितलं. पण तुम्ही ज्या खोलीत असाल त्या खोलीत ती येऊन बसते, म्हणाला. मुलगी फरशीवर मांडी घालून बसली आणि काहीच न करता तिच्याकडे बघत राहिली. मांजरही तिच्याकडे बघत राहिली. चहा येऊन गार झाला तरी दोघी तशाच.

निघताना मी सहज विचारलं, ही किती वर्षं जगतात.

"नीट सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं सहज," तो म्हणाला.

जिना उतरताना मी त्या आकड्यात अडकलो. बारा-पंधरा वर्षं जगणारं जनावर कुणी आईबापांच्या घरी कधी आणतं? मुक्काम ठरला असेल तरच ना? म्हणजे हिनं ठरवलंय. ठरवलं असेल तर मी आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं? लेक घरी राहणार याचा आनंद मला होत होता, आणि होतोय म्हणून लाजही वाटत होती. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "कोणती आवडली तुम्हाला?" मला वाटलं, ही मांजराबद्दल विचारतच नाहीये. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

विचार करून काहीच सुटेना. एके दिवशी मी मनाशी पांढरं म्हणालो, कारण ते माणसाळलेलं होतं. मग एप्रिल-मेचं ऊन डोळ्यांसमोर आलं. आमच्याकडे एसी नाही, कूलर आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी राखाडी म्हणालो. ओळखीच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, दोन्ही चांगली, एकीचे केस सांभाळा, दुसरीचं वजन सांभाळा. मी विचारलं, पण शांत कोणती जास्त? ते म्हणाले, दोन्ही. मी फी द्यायला गेलो तर त्यांनी घेतली नाही, बहुधा माझं तोंड बघून. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मांजराचं मला काय विचारता, पोरीला विचारा तिच्या मनात काय आहे ते. मी म्हटलं, तू आई आहेस, तू विचार. ती म्हणाली, मी विचारलं की ती उठून जाते.

याच गोंधळात जावयाचा फोन आला. तो थेट मला फोन करत नसे. तब्येतीची विचारपूस झाली, पावसापाण्याचं झालं, आणि मग तो अडखळत म्हणाला, "बाबा, ती मांजर घेतेय असं कळलं." मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मला मांजराची ॲलर्जी आहे. शिंका येतात, श्वास लागतो. तिला माहितीये." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, बघतो. काय बघणार होतो कुणास ठाऊक.

फोनचं घरात सांगावं की न सांगावं, यात दोन दिवस गेले. शेवटी संध्याकाळी मुलगी बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती, तिथे मी गेलो आणि तिच्या हातातली चादर एका टोकाला धरली. घडी घालताना म्हणालो, "त्यांना मांजराचा त्रास होतो म्हणे."

"माहितीये मला."

"मग?"

तिनं घडी पुरी केली. "म्हणूनच मांजर घेतेय असं वाटतं तुम्हाला?"

"मला काहीच कळत नाही," मी म्हणालो. हे मात्र अगदी खरं होतं.

ती दोरीवरचे चिमटे काढून टोपलीत टाकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही अजून सांगितलं नाहीत कोणती ते."

मी डोळे मिटून बोलावं तसं बोललो. "राखाडी. का ते विचारू नकोस. ती अंगाशी येत नाही, पण आपल्याला सोडूनही जात नाही, असं काहीतरी वाटलं."

तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं. "मला पण तीच आवडली होती. पण मला वाटलं, तुम्हाला पांढरं हवं असेल. तुम्ही दोघं दिवसभर घरी असता. मांडीवर बसणारं तुम्हाला बरं पडेल."

मी चादर हातात घेऊन तसाच उभा राहिलो. इतके दिवस मी समजत होतो की मांजर आलं म्हणजे ही राहणार. आता ती सांगत होती की मांजर आमच्यासाठी. म्हणजे ही जाणार? पुण्याला? तिथे तर मांजर चालत नाही, म्हणून ते इथे? मी मनात रचलेलं सगळं उलटं झालं.

"अगं, मग तू?" एवढंच मला विचारता आलं.

"मला अजून माहीत नाही, बाबा. माहीत झालं की आधी तुम्हालाच सांगेन. पण मांजर हवंय, एवढं मला नक्की माहितीये. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते नका विचारू."

मी विचारलं नाही. ती टोपली घेऊन आत गेली आणि बाल्कनीत मी बराच वेळ उगाच उभा होतो. खाली भाजीवाला मेथीच्या जुड्या मांडत होता. बायकोनं आतून हाक मारली, अहो, काय झालं, म्हणून. मी म्हटलं, राखाडी ठरली.

बाल्कनीला जाळी लावून घेतली आणि पुढच्या आठवड्यात मांजर घरी आली. पहिले काही दिवस ती दिवाणाखालून बाहेर आली नाही. मुलगी कामाच्या मधे मधे येऊन दिवाणाजवळ फरशीवर बसायची. बायको म्हणायची, उपाशी मरेल, आणि वाटी आणखी आत सरकवायची. मग एका दुपारी मी पेपर वाचत होतो आणि वर बघितलं तर मांजर टीव्हीच्या टेबलाशेजारी बसली होती. माझ्याकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. मी पान उलटलं नाही, आवाज होईल म्हणून.

आता ती घरात रुळली आहे. मांडीवर कधीच येत नाही. बायको तिच्याशी निफाडच्या बोलीत बोलते, हिला भूक लागली हाय, हिला लय माज आलाय. पूर्वी बायको असं फक्त माहेरी गेली की बोलायची.

दिवाळीनंतर मुलगी पुण्याला गेली. बोलायचंय, एवढंच म्हणाली. ती परत येईल की फोन येईल, मला सांगता येत नव्हतं. मी मांजरीला वेळेवर खायला घालत होतो आणि जास्त तर पडत नाही ना, म्हणून सारखा वाटीत बघत होतो. मुलीच्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. मांजर एकदा आत जाऊन खुर्चीखाली बसून आली, पण ती तर सगळ्याच खोल्यांत जाते, तेव्हा त्याचा अर्थ लावण्यात काही अर्थ नव्हता.

दोन दिवसांनी मुलगी बसनं परत आली. सोबत पुस्तकांचा खोका होता, साड्या नव्हत्या. बायकोनं भाकरी टाकली, पिठलं गरम केलं. ती भरपूर जेवली, हे मी पाहिलं. जेवताना म्हणाली, पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय. कशाला, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बायकोनं तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. मी उठून खोका आतल्या खोलीत नेला. पुस्तकं काढून कपाटात लावावीत की खोका तसाच राहू द्यावा, ते मला ठरवता येईना, म्हणून तो भिंतीशी ठेवून मी बाहेर आलो.